लाल गाडीच्या नाकावरचे सात खड्डे

एखादी गाडी कुणाची होती, हे तुम्ही कशावरून ठरवता? आरसी बुकावरून ठरवत असाल, तर पुढचं खास तुमच्यासाठी लिहिलं आहे.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होते. तेव्हा विश्रामबागेतल्या माझ्या मामाच्या गॅरेजात ट्रकवर लादून एक इटालियन स्पोर्ट्स कार आली. दोन सीटांची, लाल, वरून उघडी, जमिनीलगत बसलेली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. मामा लष्करातून निवृत्त झालेला मेकॅनिक. जीपपासून रणगाड्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. तरी त्या दिवशी तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून खाली उकिडवा बसला आणि पत्र्यावरून हात फिरवत राहिला.

गाडी एका संस्थानिकांनी परदेशातून आणली होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नंतर ती लोणंदच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात पोत्यांखाली सापडली. पुण्याच्या एका साहेबांनी ती विकत घेतली. आरसी बुकावर अजून संस्थानिकांचंच नाव असल्यामुळे त्यांच्या वारसांच्या सह्या घेऊन साहेबांनी ती आपल्या नावावर करून घेतली. गाडी मामानं पहिल्यासारखी करायची आणि तिचा इतिहास मी लिहायचा, असं ठरलं. जुन्या गाड्यांच्या रॅलीत वाटायला त्यांना छोटी पुस्तिका हवी होती. "राजघराण्याकडून थेट आमच्याकडे, हे ठळक येऊ दे," साहेब म्हणाले.

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती छापायचे, आई वाटायची, मी घड्या घालायचे. त्यामुळे मी पहिल्याच बैठकीत संस्थानिकांच्या चैनीवर दोन पानं झाडली. मामानं ती वाचली आणि हात पुसायला घेतली.

"गाडीचं लिही," तो म्हणाला. "तुझं भाषण गाडीत बसत न्हाई. दोनच सीटा हायत."

मामा रंग खरवडत होता. पुढच्या जाळीवरची कड, म्हणजे गाडीचं नाक, तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली निघाली. लांबी काढली तर पत्र्यावर खड्डे. अंगठा बसेल एवढे, एका ओळीत, सात. अपघातात पत्र्याला असे खड्डे पडत नाहीत. मामानं एकेका खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि हसायला लागला.

"नारळ," तो म्हणाला. "दसऱ्याचा नारळ. ट्रकच्या बंपरवर फोडत्यात तसा ह्या मऊ पत्र्यावर फोडलाय. हे राजाच्या घरचं काम न्हाई गड्या. कुण्यातरी आपल्याच माणसाचं हाय."

सात खड्डे म्हणजे सात दसरे. सात वर्षं ही गाडी कुणाकडे होती? लोणंदच्या व्यापाऱ्याला गाठलं. त्यानं इस्लामपूरजवळच्या एका गावाचं नाव सांगितलं. रविवारी आम्ही एसटीनं गेलो. गावात नुसतं 'लाल गाडीवाल्यांचं घर' विचारलं आणि एक बाई स्वतःहून आम्हाला दारापर्यंत घेऊन गेल्या.

गाडी ज्यांच्याकडे होती ते लष्करातले सुभेदार आता हयात नव्हते. घरात त्यांच्या पत्नी होत्या, साठीच्या आसपासच्या. सुभेदार लढाईहून परतल्यावर त्यांनी ही गाडी संस्थानिकांकडून घेतली होती. मामानं नारळाचं विचारलं तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"मी सांगायची, आवं, चाकाम्होरं दगड ठिवा नि त्याच्यावर फोडा. तर म्हणायचे, गाडीला लागला न्हाई तर गाडीला कसं कळायचं?"

"आणि कागद का केले नाहीत?" मी विचारलं.

"मी धा येळा म्हणलं. ते म्हणायचे, राजानं शब्द दिलाय, पुन्हा सही मागायची म्हंजी त्येंचा अपमान. व्हय की न्हाई सांगा?"

मामानं मान डोलावली. मला ते अजिबात पटलं नव्हतं.

सुभेदारांनी गाडी स्वतः कधी मिरवली नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्याच्या घरी लग्न, त्याच्या वरातीला ते गाडी घेऊन जायचे. शेजारी नवरदेव, चालवायला हे. भाडं नाही, फेटा घेतला तर घेतला. सुभेदार गेल्यावर गाडी विकावी लागली. घरात कॅमेरा नव्हता, त्यामुळे गाडीचा एकही फोटो राहिला नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "पुस्तकात त्येंचं नाव येणार न्हवं? गावातली नवी पोरं म्हणत्यात, म्हातारी गाडीच्या थापा मारती."

मी शब्द दिला.

साहेब पुढच्या आठवड्यात आले. मी चार पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सुभेदारांचा परिच्छेद पेन्सिलीनं आडवा कापला.

"कागद आहे का?"

"खड्डे आहेत."

"खड्डे कशानंही पडतात. वरातीची गाडी म्हटल्यावर रॅलीत हसतील लोक."

"मग माझं नाव पुस्तिकेवर घालू नका," मी म्हणाले. "आणि उरलेली पानंही परत द्या."

त्यांनी पानं परत दिली. चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. नंतर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी पुस्तिका लिहून घेतली. तिच्यात दोनच मालक आहेत.

त्या संध्याकाळी मी मामाला म्हटलं, ते खड्डे काढू नको. तेवढाच पुरावा आहे.

"काम घेतलंय, ते चोख होणार," तो म्हणाला. "खोटं तो छापणार, पत्रा न्हाई. मी माझं करतो, तू तुझं कर."

वाळूच्या पिशवीवर पत्रा टेकवून लाकडी हातोडीनं त्यानं सातही खड्डे उठवले. दोन दिवस लागले. पहिला खड्डा सपाट झाला तेव्हा मी गॅरेजातून उठून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ती वही घेऊन, आणि मामा सांगेल तसं एकेका खड्ड्याचं माप लिहून काढलं. आता नाक आरशासारखं आहे. माझ्याकडे वही आहे, पण वहीला कोण विचारतो?

म्हणून हे तुमच्यासाठी. तुमच्या घरात, साताऱ्याला, कराडला, वाळव्यात, मिरजेत, जुना लग्नाचा अल्बम असेल तर आज काढा. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बुटक्या, उघड्या लाल गाडीत बसलाय का बघा. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती काळपट दिसेल. नवरदेवाकडे बघू नका, स्टिअरिंगवर कोण आहे ते बघा. बहुतेक फोटोवाल्यांनी त्याला अर्धा कापला असेल, तरी चालेल. फोटोच्या मागे लग्नाचं गाव आणि साल लिहा. मग इस्लामपूरच्या स्टँडवर उतरा, लाल गाडीवाल्यांचं गाव विचारा, गावात त्यांचं घर विचारा आणि तो फोटो सुभेदारांच्या पत्नीच्या हातात द्या. पोस्टानं पाठवू नका, स्वतः जा. त्या आता नव्वदीच्या आहेत, कमी दिसतं, फोटोत कोण आहे ते तुम्हीच त्यांना मोठ्यानं सांगा, आणि दारात गावातली पोरं उभी असतील तर त्यांनाही ऐकू जाईल असं सांगा.