सत्तावीस नंबरचं लेणं

रशीदभाईंनी आयुष्यात केलेलं सगळ्यात भारी काम मी दहा मिनिटांत पुसलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगून टाकतो. तसंही अर्ध्या जुन्नरला त्यांनी ते आधीच सांगून ठेवलंय.

माझा वारूळवाडीचा स्टुडिओ ज्यांनी बघितलाय त्यांना रॅकमधली ती काळी मशीन आठवत असेल. डिजिटल रिव्हर्ब. कोरड्या खोलीत गायलेल्या आवाजाला मोठ्या जागेचा घुमार देणारी. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मी ती सेकंड हँड उचलली, तेव्हा मुकी होती.

तिला बोलतं केलं रशीदभाईंनी.

जुन्नरच्या बाजारात त्यांचं रिपेअरिंगचं दुकान. रेडिओपासून तमाशाच्या फडाच्या ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. या मशीनचा सर्किटचा नकाशा नव्हता, विचारायला कुणी नव्हतं. माणूस आठ दिवस नुसता ती उघडून बघत बसला. नवव्या दिवशी फोन.

"भाऊ, बाई बोलाया लागली. घिऊन जा."

त्याच दिवसांत राजुरीचे धोंडीबामामा माझ्याकडे बिरोबाच्या ओव्या रेकॉर्ड करायला यायचे. तरुणपणी मेंढरं राखलेला माणूस. मशीनमध्ये कंपनीनं भरून दिलेले घुमार होते, हॉलचे, चर्चचे. मी ऐटीत त्यातला सगळ्यात मोठा लावला.

मामांनी एक ओळ म्हटली आणि हेडफोन काढून ठेवला.

"ह्ये सायबाच्या बंगल्यात गायल्यावानी वाटतंय. माझा आवाज लेण्यात बसतो."

मेंढरं घेऊन फिरताना ते डोंगरातल्या एका लेण्यात मुक्कामाला थांबायचे, तिथंच गायचे. एक ओळ म्हणायची, लेणं ती परत देईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. ते थांबणं त्यांच्या गाण्यात मुरलं होतं.

दुसरा कुणी हसला असता.

रशीदभाईंनी मामांना स्कूटरवर घातलं आणि थेट लेणं गाठलं. मी मागून गेलो. आत उभं राहून रशीदभाई डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. आवाज किती उशिरा परत येतो, किती वेळ राहतो, येताना किती बोथट होतो. कागद नाही, पेन नाही.

परत येऊन त्यांनी मशीनमधल्या सत्तावीस नंबरच्या रिकाम्या जागेत ते लेणं भरलं.

मामा गायले. ओळ म्हटली, थांबले, मग दुसरी म्हटली. अर्ध्या ओव्या टेपवर आल्या.

आता माझा पराक्रम.

या जुन्या मशीनची आठवण आतल्या एका बारक्या बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी काढली की आपण भरलेलं सगळं गेलं. म्हणून कीबोर्ड असो की रिव्हर्ब, रशीदभाई बॅटरी बदलताना आधी दुसरा सेल तारेचे चिमटे लावून शेजारी जोडायचे आणि मगच जुना काढायचे. दर वेळी तेच वाक्य.

"आदी दुसऱ्याचा हात धरायचा. मंग पहिल्याचा सोडायचा."

मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येणंच बंद झालं होतं.

एके सकाळी मशीनच्या स्क्रीनवर बॅटरीची वॉर्निंग आली. रशीदभाई भाचीच्या लग्नाला गेलेले. मी म्हटलं, मशीन तर बंद केलीय, त्यात काय. जुनी काढली, नवी लावली. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

सत्तावीस नंबर कोरा.

तेव्हा आम्ही घुमार रेकॉर्ड करतानाच टाकायचो. म्हणजे अर्ध्या ओव्या लेण्यात आणि उरलेल्या साहेबाच्या बंगल्यात. आणि मामा बंगल्यात गाणार नव्हते.

रशीदभाई परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा पूर्ण संपवला, कप उपडा ठेवला.

"मशीन इसरली. मी न्हाई इसरलो."

तीन दुपारी ते स्टुडिओत बसले. टाळी वाजवायची, स्पीकरमधून ऐकायची, बटण दाबायचं, मान हलवायची. मध्ये एकदा मी म्हणालो, चालेल की आता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा आणायला गेलो.

तिसऱ्या दुपारी मामांना बोलावलं. काय घडलं ते त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

मामांनी ओळ म्हटली. थांबले. मग दुसरी म्हटली. पुढं गातच राहिले.

रशीदभाईंनी टोपी सारखी केली आणि शांतपणे नमाजला गेले. माझे डोळे भरून आले होते, लपवायचं कशाला.

आता पुण्याहून साउंडवाले येतात, त्या ओव्या ऐकतात आणि विचारतात, सर, हा घुमार कॉम्प्युटरवरच्या कुठल्या प्लगिनचा? मी छाती फुगवून सांगतो, प्लगिन नाही, रशीदभाई.

गेल्या आठवड्यात स्क्रीनवर पुन्हा तीच वॉर्निंग आली. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच.

रशीदभाईंच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, त्यांचे चिमटे बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्याकडे पाठवले होते. तेच काढले. दुसरा सेल जोडला, दोनदा तपासला, मग जुना काढला. नवा लावला. मशीन सुरू केली, सत्तावीस नंबर दिसला. पण दिसण्यावर माझा विश्वास नाही.

म्हणून आज सकाळी राजुरीला जाऊन मामांना गाडीत घालून आणलं. ऐंशी पार झालेत, आवाज कापतो. माइकसमोर बसवलं, हेडफोन चढवला.

मामांनी एक ओळ म्हटली.

थांबले.

मग दुसरी म्हटली.

रशीदभाई, हात सुटला नाही.

सलाम.