गाडीचा पायगुण

या गाडीचा सौदा मी शंभर जणांना तरी सांगितला असेल. बायकोला, सोयऱ्यांना, वारंगा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तर कितीदा. पण दरवेळी त्यातलं एक वाक्य गाळून. ते आज तुम्हालाच सांगतोय.

आधी एक मान्य करा — भाव करावा तर मीच. उगाच बढाई नाही. आमच्या डोंगरकडा गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की पहिला फोन मला येतो. मी बॉनेट उघडतो, डोळे मिटून इंजिन ऐकतो, टायरवरून हात फिरवतो आणि गप्प बसतो. समोरच्याला माझं गप्प बसणंच जास्त छळतं. मग उठतो, चपला पायात घालतो. चपला घातल्या की भाव उतरतोच. हे कुणी शिकवलं मला? कुणीच नाही. अंगातच आहे.

तर ही गाडी. सात सीटची, पांढरी. हिंगोलीच्या अलीकडे एका गावात नारायणमामा म्हणून एक शेतकरी, त्यांची. सख्खे मामा नव्हेत, आपलं म्हणायचं म्हणून. मला भाड्यानं चालवायला गाडी हवी होती. मामांनी चार लाख सांगितले आणि खरं सांगू? गाडी तेवढ्याची होती. इंजिन एकदम खणखणीत. खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला राग येत होता. गप्प बसून झालं, चपला घालून झाल्या, परत काढूनही झाल्या. मामा जागचे हलले नाहीत.

येताना गावच्या टपरीवर मी चौकशी केली होती. वर्षभरात मामांची म्हैस दगावली होती, बोअर आटला होता, आणि ते स्वतः मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेऊन बसले होते. ते आठवलं. ओसरीवरून, आत मामीला ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणालो, "मामा, गाडी बराबर हाय हो. पर हिचा पायगुण बरा दिसंना. ही घरात आल्यापून तुमचं काई धड झालं का?"

हेच ते वाक्य.

मामी दारात आल्या. त्यांच्या मागं चहाचा ट्रे घेऊन सून उभी होती. सुनीता नाव तिचं. मामी म्हणाल्या, "गाडी तर वरातीसाठीच घेतली व्हती. सून आली त्याच दिशी आली."



मला तेव्हाच कळलं. तिथल्या तिथं कळलं — नंतर लक्षात आलं वगैरे काही नाही. मामी गाडीकडं बघत नव्हत्या, सुनेकडं बघत होत्या. सुनीतानं ट्रे तिथंच खाली ठेवला आणि ती आत गेली. एक वाक्य बोलायचं होतं मला — मामी, हे भाव पाडायचं बोलणं हो, मनावर नका घेऊ. काय लागत होतं त्याला? पण मामांचा चेहरा पडला होता. भाव उतरत होता. आणि मी मघाशी काढलेल्या चपला परत पायात सरकवल्या.

तीन लाख दहा हजारांत गाडी आणली. गावात वाहवा झाली.

सहा महिन्यांनी गॅरेजवरच्या मिस्त्रीनं सहज सांगितलं, "नारायणमामानं सून माहेरी धाडली म्हणं. पायगुण बरा न्हाई म्हणतेत." शब्द माझा होता. माझ्याकडंच फिरून आला होता. मी म्हणालो, ब्रेक जरा बघ.

पुढं वर्षभरानं वारंगा फाट्यावरून हिंगोलीकडं निघालो होतो. एक बाई हात करून गाडीत बसली, सगळ्यात मागच्या सीटवर. गाडी फाट्याबाहेर पडली. मग तिनं विचारलं, "दादा, ह्या गाडीनं तुमचं काई वाईट केलं का हो?"

गाडीबद्दल कुणी विचारलं की माझी छाती फुगते. म्हणालो, "कद्धी न्हाई! लाखात एक गाडी हाय. हिच्या पायगुणानं घर बांधलं, पोरगी नांदेडला शिकून राहिली."

बोललो आणि आरशात बघितलं. मागच्या काचेवर वरातीच्या वेळी चिकटवलेल्या नावांचे डाग आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत. त्यातल्या 'सुनीता'वर तिनं बोट ठेवलं होतं. ही मामांची सूनच होती.

"मंग हेच एकदा माझ्या सासरी जाऊन सांगता का?" ती म्हणाली. रागानं नाही. खरोखर विचारत होती.

"सांगतो," मी म्हणालो.

डोंगरकड्याहून ते गाव काही लांब नाही. गाडी दारात उभी असते. पण तिथं जाऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की गाडीत काहीच खोट नव्हती, मीच खोटं बोललो. मग माझा तो सौदा कुठं राहतो? मी गेलो नाही. या दिवाळीला त्याला तीन वर्षं होतील. सुनीता अजून माहेरीच आहे.

कालच टपरीवर एकानं विचारलं, "भाऊ, एवढी चांगली गाडी एवढ्या स्वस्तात पाडली तरी कशी?" मी चहा खाली ठेवला आणि सगळा सौदा रंगवून सांगितला — बॉनेट, टायर, चपला. ते वाक्य सोडून. लोकांनी माना डोलावल्या. आणि मला अभिमान वाटला. कालही वाटला.