दुसरा अंतरपाट

बंगळूरच्या व्हाइटफील्डला आम्ही राहतो त्या सोसायटीच्या हॉलमध्ये परवा शेजाऱ्यांकडे साखरपुडा होता. फोटोग्राफरने उंच स्टँडवर पांढऱ्या कापडाच्या भल्यामोठ्या पेट्या चढवल्या आणि त्यांच्या आतून फ्लॅश उडाला तसा साऱ्या हॉलवर सायीसारखा उजेड पसरून क्षणात विरला. कुणाचे डोळेसुद्धा मिटले नाहीत. बायका खुश होत्या. मी मात्र हातातली बशी टेबलावर ठेवली आणि गर्दीत माझ्या धाकट्या बहिणीला शोधू लागलो. ती तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं. ती यशवंतपूरला आपल्या घरी, बहुधा स्वयंपाक उरकून वर्तमानपत्र चाळत बसली असेल. पण पांढऱ्या कापडाआडून आलेला तसला उजेड दिसला की माझी मान आपोआप वळते; ती उभी आहे ना, एवढं पाहून घ्यावंसं वाटतं.

तुम्हीही त्या नव्वदीच्या दशकात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडला असाल, तर ते स्वस्तातले फ्लॅश तुम्हाला आठवत असतील. माझा तर दोघांनी वापरून सोडलेला. त्याला दोनच अवस्था ठाऊक होत्या: बंद, नाहीतर पूर्ण. कमी-जास्त करायची कळ नव्हती, मान वर करून छताकडे पाहायची सोय नव्हती. चालू केला की तो बारीक शिट्टीसारखा सूर धरायचा, सूर चढत चढत कानाच्या पलीकडे जायचा, तांबडा ठिपका लागायचा आणि मग समोरच्याच्या तोंडावर पांढरा फटका. फोटोत कपाळ चुना फासल्यासारखं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. इतर हौशी मंडळी फोटो बरे यावेत म्हणून तो फटका मवाळ करायच्या खटपटी करत. मी बहिणीसाठी करत होतो.

तिला फिट यायची. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. ‘तसं होतं’ एवढंच म्हणायचं. पहिल्यांदा तसं झालं ते एका चुलतबहिणीच्या लग्नात, फोटोग्राफर पंगतीसमोरून फ्लॅश उडवत निघाला होता तेव्हा. ती पानावरच आडवी झाली. “सकाळपासून उपाशी होती हो,” असं आई भेटेल त्याला सांगत सुटली. अर्ध्या जेवणातून उचललेल्या मुलीबद्दल हे सांगायला धाडस लागतं, पण लोकांनी मान डोलावली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या; वेळेवर घ्या, जागरणं करू नका, असं बजावलं, आणि लुकलुकत्या उजेडाचाही काहींना त्रास होतो, असं जाता जाता म्हणाले. आईने नेमकं ते शेवटचं वाक्य पदराला बांधून घरी आणलं. त्या दिवसापासून आमच्या घरात उजेड हा शत्रू ठरला. ट्यूबलाइट फडफडली की कुणीतरी धावायचं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी पुण्याची, नोकरीसाठी बंगळूरला येऊन यशवंतपूरला स्थिरावलेली. आम्ही कैक पिढ्यांचे इथले. आमचं मराठी ऐकून त्यांना गंमत वाटे, त्यांचं ऐकून आम्हाला थोडी भीती. मुलगा चांगला होता, बहिणीला तो मनापासून आवडला होता, आणि म्हणूनच तिने एका संध्याकाळी विचारलं, “सांगून टाकूया का त्यांना?” मी म्हणालो, सांगूया. आईने हातातली पळी खाली ठेवली. “लग्न मोडलं तर पुन्हा कोण येणार आहे? बेडा! पुन्हा हा विषय नको.” वडील गप्प राहिले, म्हणजे आईच्या बाजूने राहिले. विषय संपला. एवढं मात्र सगळ्यांनाच कळत होतं की मांडवात, चारचौघांत तिला तसं झालं, तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल आणि ही मुलगी आयुष्यभर ‘ती’ मुलगी होऊन बसेल.

मग माझ्या हाती उरला तो फ्लॅश. लग्नाचे फोटो मीच काढणार, असं मी जाहीर केलं. बाहेरचा फोटोग्राफर आला की धडाधड उडवत सुटणार, त्याला काय सांगणार? पुणेकरांनी याचा अर्थ आमचा हात आखडता आहे असा लावला, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. मी रोज कामावरून आलो की मागच्या खोलीत बसे. रुमालाची घडी फ्लॅशवर रबरबँडने बांधली, उजेड निम्म्यावर आला. दोन घड्या बांधल्या तर इतका मंद झाला की भिंगाचं तोंड पुरतं उघडावं लागलं आणि जवळ सरकावं लागलं. बेकरीतून खारा बन बांधून आलेला बटर पेपर लावून पाहिला. त्यावरच्या तेलाच्या डागांमुळे माणसं कावीळ झाल्यासारखी दिसली. डब्याचं पांढरं झाकण, थर्माकोलचा तुकडा, वडिलांचं जुनं मलमलचं धोतर, सगळं झालं. शेवटी मलमलच्या दोन पदरांवर आणि फ्लॅश समोरून न टाकता हातात धरून बाजूच्या थर्माकोलवर मारण्यावर येऊन थांबलो. फोटोत माणसं खिडकीपाशी बसल्यासारखी दिसू लागली. मला त्याचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

पण हे सगळं पाहायचं कुणावर? एके दिवशी तीच येऊन समोरच्या स्टुलावर बसली. “माझ्यावरच बघायला हवं की अण्णा,” ती म्हणाली. आई दाराशी उभी राहिली, हातात किल्ल्यांचा जुडगा, कारण तसं झालं की मुठीत लोखंड द्यावं अशी तिची श्रद्धा. मावशी कांदा चिरून तयार, हुंगवायला. फ्लॅशने सूर धरला. तो चढत जाणारा सूर आणि स्टुलावर मांडी आवळून बसलेली माझी बहीण, हे मला आजही सहन होत नाही. “स्वल्प थांब,” ती म्हणाली, एक श्वास घेतला, “सरी, आता काढ.” मी बटण दाबलं. मलमल उजळून विझली. काही झालं नाही. खोलीत नुसता चिरल्या कांद्याचा वास, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी आईने तो किल्ल्यांचा जुडगा बहिणीच्या मुठीत दिला आणि वरून शालूचा पदर ओढला. पुण्याकडच्या एक काकू म्हणाल्या, “हा तुमच्याकडचा रिवाज वाटतं?” आई म्हणाली, “हो ना, नवरीच्या हाती घराच्या किल्ल्या.” ताकाला तूर लागू दिली नाही. मीही माझ्या मलमलीतून फोटो काढत होतो, सगळं ठीक चाललं होतं, आणि मुहूर्ताला थोडा अवकाश असताना मुलाच्या मामांनी हौसेने ठरवलेला व्हिडिओवाला आला. त्याच्या हाती हॅलोजनचा उघडा दिवा होता. वायर नीट बसत नव्हती, त्यामुळे तो दिवा लागे, फडफडे, विझे, पुन्हा लागे, आणि दर वेळी सगळा मांडव पांढरा होऊन काळा पडे. मी धावत गेलो आणि दिवा बंद कर म्हणालो. “लाइट इल्लदिद्रे एनू बरल्ला, सार,” तो शांतपणे म्हणाला. दिव्याशिवाय काहीच उमटणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी खिशातला स्वच्छ बटर पेपर काढून चिमट्यांनी त्या दिव्यावर लावला. माझ्या थंड फ्लॅशच्या सवयीने मी विसरलो की हा दिवा तव्यासारखा तापतो. कागद तपकिरी झाला, कडेने धुमसला, मी तो ओढून काढेपर्यंत ऐन मुहूर्ताच्या तोंडावर मांडवात जळका वास पसरला. “हे काय भलतंच!” पुण्याच्या काकू पुटपुटल्या. बहिणीने पाटावरून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा आई उठली. देवापुढच्या तबकातून कोरं धोतर उचलून तिने माझ्या दोघा चुलत्यांच्या हाती दिलं आणि दिव्यापासून चांगलं लांब, दिवा आणि नवरी यांच्या मधोमध, त्यांना ते ताणून उभं केलं. गुरुजींनी विचारलं, हे कशाला? “आमच्याकडे दोन अंतरपाट असतात,” आई म्हणाली, “एक नवऱ्यासाठी, एक लोकांच्या नजरेसाठी. आमची माणसं इकडे आली तेव्हापासूनचं आहे.” इतक्या पिढ्या परमुलखात राहिलेल्या माणसांचे रिवाज कसेही असू शकतात, पुणेकरांनी ते मान्य केलं. व्हिडिओवाल्याची वायरही तेवढ्यात बसली. मंगलाष्टकं सुरू झाली. त्या धोतरातून गाळून आलेला उजेड बहिणीच्या तोंडावर इतका हळुवार पडला होता, की जमलेल्या बायकांनी हात जोडले. मी मात्र तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहत होतो. तसं होण्याआधी ती थरथरत.

काही झालं नाही. लग्न लागलं.

फोटो धुऊन आले तेव्हा सगळ्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. एकही चेहरा भाजलेला नव्हता, भिंतीवर एकही काळी सावली नव्हती. पण एकाही फोटोत ती नवऱ्याकडे पाहत नाही. हार घालताना, लाह्या टाकताना, घास भरवताना ती माझ्या हातातल्या फ्लॅशकडे पाहते आहे. लोक म्हणाले, किती लाजते पोरगी. मी तो अल्बम आईकडे दिला आणि पुन्हा मागितला नाही.

पुढे तिच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. तोवर ती त्या घरात रुळली होती, गोळ्या बांगड्यांच्या डब्यात दडवून चोरून घेत होती, आणि आमच्या सगळ्यांचा जीव थोडा भांड्यात पडला होता. आम्ही लग्नाला गेलो तर काय, मंगलाष्टकांच्या वेळी पुण्याच्या काकूंनी हौसेने दुसरं धोतर मागवलं. “आमच्या सूनबाईंच्या माहेरची पद्धत आहे, फार शोभून दिसतं,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. ते कापड नव्या नवरीवर सावली धरून उभं राहिलं. बहीण करा-दिवा घेऊन कापडाच्या अलीकडे, व्हिडिओच्या दिव्याच्या उघड्या उजेडात उभी होती. तिने मला पाहिलं, किंचित हसली, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं थरथरू लागली. मी गर्दी लोटत पोहोचेपर्यंत ती खाली पडली होती.

तिच्या मुठीत कुणी किल्ल्या दिल्या नाहीत, कांदा शोधला नाही. सासू मांडवातच खाली बसली आणि तिने बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मग वर पाहून आईला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?” आईने माझ्याकडे पाहिलं. “होतं,” मी म्हणालो. आईशी त्या बाई पुन्हा कधीच बोलल्या नाहीत, आणि आईने ते मुकाट्याने सोसलं.

डॉक्टरांनी नंतर सगळं विचारून घेतलं. त्यांनी दिव्याला फारसा दोष दिला नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, बांगड्यांच्या डब्यापाशी सतत कुणीतरी बसलेलं. लागोपाठ गोळ्या चुकल्या होत्या आणि जागरणं झाली होती. म्हणजे आम्ही ज्याच्याशी इतकी वर्षं झुंजलो तो उजेड कदाचित निमित्तालाही नव्हता. तिला पाडलं ते लपवण्याने. हे कळल्यावर माझ्या मलमलीच्या घड्यांबद्दल, थर्माकोलबद्दल मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. इतक्या मायेने केलेलं काम इतकं चुकीच्या जागी केलेलं असू शकतं, हे पचायला फार काळ जातो.

तिला कुणी माहेरी धाडलं नाही. नवऱ्याचा राग मात्र बरेच दिवस टिकला; फिटचा नव्हे, न सांगितल्याचा. आता गोळ्यांची बाटली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी असते. एकदा मी धीर करून तिला म्हणालो, त्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरं झालं रे अण्णा. शुद्धीवर आले, सगळ्यांची तोंडं बघितली आणि कळलं, आता ह्यांना सगळं माहीत आहे. त्या घरात त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.”