मुन्तहाच्या गच्चीवरचा काळा किश्क

चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने तिचं नाव मुन्तहा ठेवलं. मुन्तहा म्हणजे शेवट. आता बास. पुढे आयुष्यात कुणी "बास कर" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "बापाने एकदा म्हटलंय, तेवढं पुरे," म्हणायची.

आमची घरं भिंतीला भिंत लावून. बेका खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. बर्फ पडला की रस्ता बंद, म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर वाळेल तेच हिवाळ्यात ताटात पडतं. मिरच्या, भेंड्या, टोमॅटो सगळ्याच वाळवतात. किश्क मात्र मुन्तहामावशीचा. उकडून भरडलेला गहू ती बकरीच्या दह्यात भिजवायची, मीठ घालून रोज कोपरापर्यंत हात बुडवून कालवायची. आंबट वास जिन्यात उतरला की गच्चीभर पांढऱ्या चादरी अंथरून त्याचे गोळे मांडायची. ते सुकत आले की आम्ही बायका वर जमायचो आणि तळव्यांत चोळून त्यांचं पीठ करायचो. थंडीत लसूण परतून त्याची कढत पेज प्यायली की माणूस अंथरुणातून उठतो. गावात कुठे मयत झालं, कुठे बाळंतपण झालं, की त्या दाराशी मावशीची पिशवी पोचलेली असायची.

सरकारी वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते, जाते. बाकीचा उजेड अबू नायफचा; जनरेटरवर वीज करून तो घरोघर विकतो. वसंतात त्याने आपला मोठा जनरेटर मावशीच्या घरामागच्या रिकाम्या जागेत आणून बसवला. त्याचं धुराडं जेमतेम तिच्या गच्चीच्या कठड्याएवढं उंच होतं.

मावशी त्याच दिवशी गेली. "धुराडं वर घे. माझ्या गच्चीच्या वर."

"घेतो की मावशी. तुमचा शब्द डोक्यावर. उद्याच माणूस पाठवतो."

तो उद्या उन्हाळा संपला तरी उगवला नाही. दोरीवरचे कपडे काळे पडले, रात्री घराघरांत खोकला सुरू झाला. मावशी जायची, तो छातीवर हात ठेवून हसायचा. गल्लीतले पुरुष तिला समजवायचे, "जाऊ दे. चिडला तर वायर कापेल." सगळ्यांचे दिवे त्याच्या मुठीत, मग जिभा कुणाच्या मुठीत असणार?

सप्टेंबरात मावशीने किश्क मांडला. त्या आठवड्यात वारा डोंगराकडून होता, धूर पलीकडे जात होता, म्हणून तिने भरवसा ठेवला. पण वारा उलटला. चोळायला म्हणून आम्ही सकाळी वर गेलो तर गोळ्यांवर काळे ठिपके, चादरींवर तेलकट काजळी, आणि त्या आंबट वासात डिझेलचा भपका. एवढ्या बकऱ्यांचं दूध, एवढ्या दिवसांचं कालवणं! मावशीने एक गोळा तोंडात टाकला, चावला आणि थुंकला.

अबू नायफ खालून ओरडला, "वाईट झालं हो मावशी! पण हल्ली घरी कोण वाळवतं? दुकानात पाकिटं मिळतात. दोन पोती पाठवून देतो."

"तुझी पोती तुझ्या घशात घाल!"

"बास करा आता, मावशी."

झालं. तोच शब्द.

मावशीने चादरींची टोकं उचलली आणि सगळा किश्क खाली नेला. शुक्रवारी नमाज झाल्यावर पुरुष अबू नायफच्या ओट्यावर कॉफी पीत बसतात. त्या शुक्रवारी मुख्तार, म्हणजे गावचा पाटील होता, शाळेचे मास्तर होते, मावशीचा नवरा अबू सहरही कोपऱ्यात होता. मिनीबस चालवून निवृत्त झालेला भिडस्त माणूस, वाट चुकला तरी कुणाला विचारायचा नाही. मावशी मोठं पातेलं घेऊन ओट्यावर चढली. मागून मी वाडगे घेऊन. तिने एकेकासमोर वाडगा ठेवला आणि वाफाळती पेज वाढली. पेजेवर तेलाचा निळसर तवंग फिरत होता.

"खा," ती म्हणाली.

मुख्तार म्हणाला, "उम्म सहर, हे काय?" थोरल्या मुलीच्या नावावरून गावातले पुरुष मावशीला उम्म सहर, सहरची आई, म्हणत; तसाच तिचा नवरा अबू सहर, सहरचा बाप.

"किश्क. यंदाचा. श्वासातून रोज खाताच, आज चमच्याने खा. अबू नायफ, तुला जास्त वाढलाय. मालक ना तू!"

सगळे वाडग्यात बघत राहिले. तेवढ्यात अबू सहरने चमचा उचलला. एक घास घेतला, गिळला, दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना.

"मीठ बरोबर पडलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "डिझेल जरा जास्त झालंय."

कुणीतरी फिसकन हसलं. अबू नायफ उठून आत गेला, आणि दुपारी त्याच्या माणसाने मावशीची वायर कापली.

मला खरी चीड त्याची नाही आली. तो तसाच आहे. चीड आली ती आमच्या गल्लीची. ओट्यावर हसलेले तेच लोक तिच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागले. माझ्या सासूबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी अबू नायफच्या बायकोला गाठून फाडफाड सुनावलं, मग इतर बायकाही एकेक करून गेल्या. शेवटी त्याच्याच घरात जेवण कडू झालं, तेव्हा अबू नायफने माणूस बोलावला.

धुराडं उंच केलं का? नाही. नुसतं वळवलं. पलीकडच्या गल्लीकडे, जिथे सीमेपलीकडून आलेली कुटुंबं अर्धवट बांधलेल्या घरांत भाड्याने राहतात.

"जिंकलात, मावशी," मास्तर म्हणाले. "आता गप्प बसा, वायरही जोडून देईल. फक्त एकदा जाऊन गोड बोला."

मावशी उसळली. "जिंकले? माझ्या ताटातली घाण उचलून दुसरीच्या ताटात टाकली, याला जिंकणं म्हणता? शिकवता काय हो पोरांना?"

ती गेली नाही. तो हिवाळा दोघांनी कंदिलावर आणि लाकडाच्या चुलीवर काढला. किश्क नव्हता. वाळलेल्या भेंड्या आणि वांगी होती. मुलींचे फोन आले की माझ्या घरी येऊन बोलायची आणि त्यांना सांगायची, सगळं ठीक आहे.

पुढच्या सप्टेंबरात तिने पलीकडच्या गल्लीतल्या बायकांना स्वतः जाऊन आपल्या गच्चीवर किश्क वाळवायला बोलावलं. त्या आपापल्या चादरी, परड्या आणि मुलं घेऊन आल्या. गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांच्यातली रीमा नावाची एक किश्कात जिरं घालते, यावरून मावशीचं तिच्याशी पहिल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालं.

पण चोळून झाल्यावर त्याच दोघी हात धुऊन खाली उतरल्या, अबू नायफकडे जायला. धुराडं वर घ्यायचं म्हणून सांगायला.