कुंपणापलीकडचा विलाप

सफरचंदांची तोडणी आटोपली की जुम्बेरच्या अंगणात टेबल मांडलं जायचं, आणि टेबल मांडलं की वाद आलाच. पेले उचलून आधी देवाचं नाव, मग देशाचं, मग गेलेल्यांचं. तिथवर सगळे शहाण्यासारखे वागत. मग शेजारचा अंझोर मिशी पुसत हळूच काडी टाकायचा, "हं, काय म्हणतायत रशियन?"

हे वाक्य आलं की जुम्बेरच्या बायकोला, फारिझाला, स्वयंपाकघरातलं काहीतरी काम आठवायचं.

ती ओसेत, डोंगरातल्या वेगळ्या भाषेच्या लोकांतली, आणि जुम्बेर जॉर्जियन. लग्नात याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. वरच्या गावची पोर खालच्या गावात आली, मधे एक ओढा आणि तिच्या भावाची, खाझबीची, नासपतीची बाग. सासूनं एवढंच विचारलं होतं, "पाव भाजता येतो ना गं?" आता ओढ्याच्या अलीकडे रशियन सैनिकांनी हिरवं कुंपण ठोकलं होतं आणि माहेर पलीकडे गेलं होतं. पलीकडे म्हणजे कुठल्या देशात, यावरच तर सगळं भांडण.

त्या दुपारीही तेच सुरू झालं.

"सगळं रशियानं केलं," जुम्बेर म्हणाला. "पासपोर्ट वाटले, बंदुका वाटल्या, कान भरले. नाहीतर माझा मेहुणा, ज्याला माझ्याशिवाय घोट उतरत नव्हता, तो वेगळा देश मागतो?"

"त्यांनी वाटलं हे खरंच," अंझोर म्हणाला. "पण घ्यायला हात कुणी पुढे केले? आणि का केले?"

"तू कुणाच्या बाजूचा रे?"

"तुझ्या दारूच्या. आपलं विचारतो."

फारिझा वांग्यांची ताटली ठेवत होती. "दादा म्हणतो, लढाईत आमचं घर पेटवायला आले ते रशियन बोलत नव्हते. ते तुझ्यासारखं बोलत होते, जुम्बेर."

"आणि आपल्या लोकांची घरं पेटली ती? तेव्हा मागे रणगाडे कुणाचे होते?"

"दादा म्हणतो..."

"दादा म्हणतो, दादा म्हणतो. त्याला म्हणावं, ये आणि समोर बसून बोल."

"येऊ देतात का त्याला?"

"कोण येऊ देत नाही? बोल की. कोण?" जुम्बेरनं जिंकल्यासारखे हात पसरले. अंझोर हसला.

फारिझा हसली नाही. मागे एकदा फोनवर जुम्बेर खाझबीला 'रशियाचा पाळलेला' म्हणाला होता. खाझबी शांतपणे म्हणाला होता, "जावईबापू, आम्हाला आमचं डोकं नाही असं तुम्हाला अजून वाटतं ना, तिथंच सगळं बिघडलंय." त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. भावाबहिणीचं चालायचं, पण जुम्बेर बागेत गेला की. वसंतात खाझबी अंथरुणाला खिळला. तिनं कुंपणावरच्या चौकीत पलीकडे जायची परवानगी मागितली. अजून उत्तर नव्हतं.

आत फोन वाजला. खाझबीची बायको झमीरा होती. फारिझानं ऐकलं, "हो" म्हणाली आणि बाहेर आली. टेबलावर तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे चीज भरलेल्या तीन जाड रोट्या एकावर एक रचल्या होत्या. आनंदाला तीन, मरणाला दोन. तिनं वरची उचलली आणि आत घेऊन निघाली.

"अहो वहिनी, मी अजून चाखली पण नाही," अंझोर म्हणाला.

जुम्बेरचा पेला हातातच राहिला. चाळीसेक वर्षं तो या बाईच्या हातचं जेवला होता.

"कोण?" त्यानं विचारलं.

"दादा."

इकडे काय आणि ओढ्यापलीकडे काय, बहिणीनं उशाशी बसून रडल्याशिवाय माणसाला घराबाहेर काढत नाहीत. दुसऱ्या दिवशीही परवानगी आली नाही. तेव्हा जुम्बेरनं स्वतः झमीराला फोन लावला.

"वहिनी, मी बोलतोय. फोन त्याच्या उशाशी ठेवाल? ती इथून रडेल."

पलीकडे झमीरानं कुणाला तरी बाजूला सरकायला सांगितलं. मग, "ठेवते, जावईबापू."

फारिझा खिडकीशी उभी राहिली, डोळे मिटले आणि तिनं सूर लावला. ओढा फुगला होता तेव्हा मला खांद्यावर घेऊन आलास, दादा. पहिली नासपती कधी एकट्यानं खाल्ली नाहीस. आता कुणाच्या खांद्यावर निघालास? तिचा आवाज चढत गेला. दारात जुम्बेर टोपी काढून उभा होता, त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ओसेत भाषा त्याला जेमतेम यायची, तरी शब्द न् शब्द कळत होता.

सासू, दीर, शेजारपाजारचे, या गावात जो जो गेला त्याला ती जॉर्जियन भाषेत रडली होती. दुःखाला तिच्या तोंडी आता तेवढीच भाषा उरली होती. त्यानं तिचा हात धरायला पाऊल टाकलं, तोच फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला. "बंद करा ते. मयताच्या उशाशी ही भाषा नको." झमीरा म्हणत होती, "अरे, बहीण आहे त्याची." मग काहीच ऐकू येईना.

फारिझानं पुन्हा लावला. पुन्हा. उचलला नाही कुणी. मग त्या मुक्या फोनलाच ती माहेरच्या भाषेत म्हणायला लागली. दोन ओळी म्हणाली आणि अडली. आईच्या तोंडचे शब्द आठवेनात.

"त्याला कळलं असेल," जुम्बेर म्हणाला. "आपली जॉर्जियन यायची त्याला. याच अंगणात गायचा की."

"त्याला चाललं असतं रे. बाकीच्यांना नाही चाललं."

जुम्बेरनं तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "तू रशिया म्हणशील. ते खरंही असेल. पण आज नको."

तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. एव्हाना पलीकडे खाझबीला उचललं असणार. इतक्या लांबून काही ऐकू येणार नव्हतं, तरी दोघं खिडकीशी कान देऊन उभे होते.