थळला गेलो, चहा संपेपर्यंत बोलायला

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोळीवाड्यांना इंजिनाचं वेड लागलं आणि माझगावच्या आमच्या दुकानात होड्यांची शिडं शिवायचं काम आटलं. बाबा दिवसभर रिकामे बसायचे, ते मला बघवेना. थळला हंगामाआधी होडीवाल्यांची बैठक भरते, तिथे बाहेरच्या व्यापाऱ्यालाही बोलू देतात, पण चहा संपेपर्यंतच, असं कानावर आलं. म्हटलं, जाऊन तर येऊ.

रेवसला जाणारी लाँच भाऊच्या धक्क्यावर सकाळीच पकडावी. तिकीट स्वस्त, जागा मात्र इंजिनापासून लांबची बघा, धुराने डोकं उठतं. आभाळ मळकट होतं, पाणी त्याहून मळकट. मी पाठ केलेलं भाषण पुटपुटत होतो. आधी पणजोबा, मग आजोबा, मग कापडाचा कस. शेजारी थळची एक कोळीण रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तुजा पनजोबा मरंपर्यंत आमची मानसं च्या पिऊन उठतील," ती म्हणाली. "बशीत वतून पितान ती."

हसू आलं, पण पटलंही. रेवस येईपर्यंत मी आख्खा वंश कापून काढला. उरलं ते एवढंच: 'वाऱ्याला तेल लागत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर माणसांना घरी आणतं ते शीड. ते आम्ही शिवतो.'

रेवसहून एसटी. रस्ता असा की दात मोजून घ्यावेत. किहीमची नारळी मागे पडली, थळच्या फाट्यावर उतरलो. तिथल्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट झकास मिळते. मी मात्र न खाताच पुढे निघालो.

बैठक देवळाच्या मंडपात होती. बशा वर गेल्या आणि मी बोललो. एकदाही अडखळलो नाही. बशा खाली आल्या तेव्हा माझं संपलेलं होतं. चारदोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि मला वाटलं, जिंकलं!

सगळ्यांत वयस्कर तांडेल, होडीचा म्होरक्या, मायेनं म्हणाला, "खरां बोललास. पन आता पोरां शीड वढाला तयार नाय. इंजिनावर पानी उडतं बग. ताडपत्रीची झाकनां शिवशील काय? धा-बारा होड्यांची देतो."

नाही म्हणायची ऐपत नव्हती. होड्यांवर चढून मापं घेतली. मापांचा कागद खिशात घालून परतीची लाँच पकडली.

थळ सुंदर आहे, जरूर जा. मला मात्र त्या किनाऱ्याचं नाव काढलं की अजून घरची ती संध्याकाळ आठवते. बाबा म्हणाले, "काय बोललास, ते म्हणून दाखव." मी उभा राहून म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं बोललास," ते म्हणाले. मग सुईत दोरा ओवायला घेतला. "सांग आता त्या झाकणांची मापं."