जनाबाईनं मिक्सरला हात लावला नव्हता

गेल्या वर्षी, दिवाळीआधीच्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास मी जनाबाईचं काम घालवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझं पत्रक वाचलंय — आणि मला शाबासकी दिलीये.

वळ गावातल्या एका कारखान्यात मी प्लास्टिकचे रंग जुळवायचे. जनाबाई पडघ्याकडच्या पाड्यावरून यायची, पावडर मिसळायची. शाम्पूच्या बाटल्यांच्या झाकणांसाठी मोतिया चमकीची पावडर आली होती — समोरून हिरवी, जरा कलती धरली की जांभळी. ही सगळी जादू अभ्रकाच्या नाजूक पापुद्र्यांची. म्हणून ती पावडर प्लास्टिकच्या दाण्यांत हातानंच, हळू घोळवायची. मिक्सरला लावायची नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. सांगायचं कोणी? मीच!

त्या दिवशी मला अंबाडी गावातल्या सभेला लवकर निघायचं होतं. सभा कशाची? कामगारांच्या हक्कांची — हसा! जनाबाई जेवायला गेली होती. मी अख्खा माल मिक्सरमध्ये ओतला. पापुद्र्यांचा भुगा झाला. झाकणं निघाली ती राखेसारखी — कुठूनही बघा, एकच मळका रंग.

शेठ ओरडला, "जनी, मिक्सर चलाया क्या? सारा माल भंगार!"

"न्हाय शेठ, मी हातानंच घोळवते." मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू तर इथंच होतीस. सांग ना त्यांना."

"मी बघितलं नाही."

सभेत माईक ओढून घेणारी मी — तेव्हा आवाज बसला होता का? नाही. चांगला स्पष्ट निघाला.

तिला तिथल्या तिथे काढलं. शेठ माजोरडा आहेच. पण त्याच्या हातात बाई दिली मी. आणि वर काय केलं? तिचंच नाव घालून पत्रक काढलं! 'मिक्सर बिघडलेला, शिक्षा बाईला.' मिक्सर ठणठणीत होता. पण मिक्सर तिनंच लावला, हे मी छापून पक्कं केलं — नाक्यानाक्यावर वाटून! त्यानंतर आसपासच्या एकाही कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. तिला वाचता येत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी छापलं.

पत्रकाखाली माझं नाव आहे. ते घेऊन वळ गावी जा, कारखान्याच्या गेटवर उभे राहा आणि माझ्या नावावर बोट ठेवून शेठला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा — मिक्सरचं बटण हिनं दाबलं होतं.